उन्हाची वाटणी

फार फार वर्षांपूर्वी, वर्षं मोजायला अजून कुणी बसलं नव्हतं तेव्हा, बर्फाच्या डोंगरांमध्ये एक गाव होतं. थंडी तिथे पाहुणी म्हणून यायची आणि घरमालकिणीसारखी राहायची. कोंबडा पहाटे आरवायला तोंड उघडायचा, घशात वारा शिरला की मिटून घ्यायचा आणि मनात म्हणायचा, ‘जाऊ दे, उगवायचं असेल तर उगवेल त्याचा तो.’ माणसांच्या सावल्या माणसांना अंगणातच सोडून घरात पळायच्या आणि चुलीपाशी जागा धरून बसायच्या.

खोटं वाटतंय? वाटू द्या. पुढचं मात्र खरं आहे, आणि ते खोटं असतं तर बरं झालं असतं.

त्या गावात जळणाला लाकूड नव्हतं. गोवऱ्यांवर चूल पेटायची ती स्वयंपाकापुरतीच. एक जर्दाळूचं झाड तेवढं होतं, आणि ते सगळ्यांचं असल्यामुळे कुणी तोडायचं नाही असं ठरलेलं होतं. मग माणसं हिवाळ्यात जगत कशी? तर उन्हाळ्यातलं ऊन पुरून ठेवून.

आपल्याकडे पूर्वी जमिनीत खोल खड्डा करून, आत धान्य भरून, तोंड लिंपून टाकत. त्याला पेव म्हणत. या गावात धान्य पुरून ठेवण्याइतकं पिकत नव्हतं. त्यांचं पेव उन्हाचं होतं. उन्हाळाभर गावानं काळे दगड डोंगराच्या उतारावर तापत ठेवायचे. दिवस कलला की ते पेवात सोडायचे. सकाळी गार झालेले दगड वर काढायचे, पुन्हा उन्हात मांडायचे. थंडी आली की पेवाच्या तोंडावर राख, पेंढा आणि लोकर रचून वरून जाड लिंपण करायचं. पेवापासून मातीच्या नळ्या जमिनीखालून घराघरात गेल्या होत्या. त्यातून हिवाळाभर उन्हाळा येत राहायचा.

पेवाच्या वरच, तोंडापासून थोडं बाजूला, एक जुनं घर होतं. तिथे पेवाची राखण करणारी आजी राहायची. त्या घराची जमीन सगळ्यात उबदार. म्हणून हिवाळ्यात कुणाची बाळंतीण असली, कुणाचं म्हातारं खोकत असलं, की त्याला आजीकडे पोचवायचं अशी गावाची रीत होती. अर्धं गाव त्या जमिनीवर जन्मलं होतं.

आणि याच गावात एक मापारी होता.

मापारी वाटण्या करायचा. त्याच्याकडे एक दोरी होती, आणि त्या दोरीनं केलेली वाटणी देवानंसुद्धा मोडू नये इतकी चोख असायची. दोन जावांना त्यानं एका खिडकीतलं चांदणं वाटून दिलं होतं. जर्दाळूच्या सावलीचे वाटे पाडले होते, आणि सूर्य सरकला की तो ते वाटेही सरकवून द्यायचा. गावात भांडण असं उरलंच नव्हतं. भांडण दिसलं की मापारी दोरी घेऊन हजर. वाटणीशिवाय सुख नाही, असं गावाला वाटू लागलं होतं. मापाऱ्याला तर ते जन्मापासूनच वाटत होतं.

त्याची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. ऐन हिवाळ्याच्या तोंडावर.

“लेक पहिलटकरीण आहे,” तो बायकोला म्हणाला, “आणि बाळंत होणार लोकांच्या घरात?”

“लोकांच्या कसल्या? आजीच्या,” मापारीण म्हणाली. “तुम्ही तिथेच जन्मलात. मी तिथेच बाळंत झाले. तुम्ही तेव्हा दारात चुळबुळत उभे होतात.”

“तेव्हा मला अक्कल नव्हती.”

“मग आली कधी? मला बोलला नाहीत ते!”

मापारी हसला नाही. त्याचं घर गावाच्या पार टोकाला होतं. पेवाची नळी तिथे पोचेपर्यंत दमून जायची. आपल्या छपराखाली, आपल्या घरच्या उबेत नातवंड जन्माला यावं, एवढंच त्याला हवं होतं. यात वाईट काय? काहीच नाही. जगातले बरेचसे घोटाळे असेच चांगल्या इच्छेतून सुरू होतात, म्हणून तर ते वेळेवर ओळखू येत नाहीत.

उन्हाळा संपला. पेव काठोकाठ भरलं. गाव जर्दाळूखाली जमलं, आणि मापाऱ्यानं विषय काढला.

“दगड सगळे सारखे तापवतात. मग ऊब सारखी का नाही?”

टोकाची घरं याचीच वाट पाहत होती. एक जण उठून म्हणाला, “आमच्या नळीतून येते ती ऊब नव्हे हो, ऊब येऊन गेल्याची बातमी!”

“मग घर उचला आणि पुढे आणा,” पेवाजवळचा एक जण म्हणाला.

“तुम्ही मागे जा ना! आम्ही पिढ्यान् पिढ्या कुडकुडलो, आता तुमची पाळी.”

आवाज चढले. मापाऱ्यानं दोरी वर धरली आणि सगळे गप्प झाले.

“पेव उघडू,” तो म्हणाला. “प्रत्येकानं आपल्या घराखाली आपलं छोटं पेव खणावं. दगड सारखे मोजून देतो. ज्याची ऊब त्याच्या घरात. कुणाच्या दारात जायला नको की कुणाचे उपकार नकोत.”

आजी काठी टेकत पुढे आली. “दगड मोजशील बाबा. पण दगडांच्या भोवतीची माती कशी मोजशील?”

“मातीचं काय त्यात?”

“ते मला नाही सांगता यायचं. मी तिच्यावर निजते, एवढंच मला ठाऊक. माझ्या सासूच्या सासूपासून ऊन पितेय ती.”

“आजी,” मापारी हसून म्हणाला, “घर तुमचं पेवावर. पेव हललं तर कुणाचं काय जातं, ते आम्हाला कळतं बरं का.”

गाव खो खो हसलं. त्या जमिनीवर जन्मलेलेच त्यात जास्त होते. आजी हसणाऱ्यांची तोंडं एकेक करून पाहत राहिली. मग म्हणाली, “करा वाटणी. माझा वाटा मात्र हलवू नका. तळाशी आहे तिथेच असू द्या.”

मापाऱ्यानं शेवटचं एक काम केलं. त्यानं सगळ्यांना दोरीवर हात ठेवायला लावले आणि शपथ घातली. आपापला वाटा आपापल्या घरात. कुणी कुणाच्या वाट्याला हात लावायचा नाही, आणि कुणी कुणाकडे मागायचं नाही. टोकाच्या घरांनी तर दोन्ही हात ठेवले.

पेव उघडलं. दगड निघू लागले. निम्मं पेव उपसून झालं तेव्हा कडेच्या मातीत एक भोक लागलं, आणि त्यात साप. एकमेकांना वेटोळे घालून घालून त्यांचा एक मोठा गुंताच झाला होता, शेपूट कुठलं आणि तोंड कुठलं ते कळू नये असा. थंडीत ते दर वर्षी तिथे येऊन निजायचे. गावाला ठाऊक होतं, पण कधी कुणी त्यांना उठवलं नव्हतं.

एका म्हाताऱ्या सापानं अर्धा डोळा उघडला. “काय चाललंय, मापाऱ्या?”

“वाटणी.”

“आमच्याकडे कसली वाटणी? आम्ही ऊब वाटून घेतलेली नाही. गुंडाळून घेतली आहे.”

मापाऱ्याला हे अव्यवस्थित वाटलं. त्यानं काठीनं तो गुंता सोडवला, साप वेगळे केले, आणि एकेका पेवाला एकेक देऊन टाकला. सापही नेमके घरांइतकेच निघाले. गोष्टीत निघतात. लोक हसून म्हणाले, “मापारीकाकांच्या राज्यात सापालासुद्धा स्वतंत्र घर!” आजीच्या वाट्याचा साप तेवढा जागच्या जागी राहिला.

उघड्या पेवातून वाफेचा एक खांब सरळ आभाळात चढला. कितीतरी दिवस तो तसाच उभा होता. परक्या देशाला निघालेले पक्षी वाट सोडून आले आणि त्याच्याभोवती घिरट्या घालू लागले. काठावरचं जर्दाळूचं झाड ऐन थंडीच्या तोंडावर फुलांनी भरून गेलं.

“शुभ शकुन!” गाव म्हणालं.

शकुन कसला, पिढ्यान् पिढ्यांचा उन्हाळा मातीतून निघून चालला होता. आजी रोज टोपलीभर राख आणि पेंढा आणायची, आपल्या वाट्यावर घालायची, वरून लिंपायची. एकटीचं काम ते, हळूच चाललं. कुणी मदतीला गेलं नाही. वाटा तिचा होता ना!

पहिले काही आठवडे काय ते सुख सांगावं! घराखालीच तापलेले दगड. टोकाच्या घरांतल्या बायका दारं उघडी टाकून वारा घेत बसल्या. मापाऱ्याची लेक आली, आणि बापाच्या छपराखाली बाळंत झाली. मुलगी झाली. गोरीपान, मूठ आवळून जगाशी भांडायला आल्यासारखी. मापाऱ्यानं आपली वाटणीची दोरी काढली आणि त्याच दोरीनं पाळणा टांगला.

“दोरीला आज पहिल्यांदा चांगलं काम मिळालं,” मापारीण म्हणाली, आणि या वेळी तोही हसला.

बारशाला सगळं गाव आलं. पायांखाली जमीन ऊन होती. प्रत्येकानं मापाऱ्याचं नाव घेऊन घुगऱ्या खाल्ल्या.

मग खरी थंडी आली.

आधी जर्दाळूची फुलं एका सकाळी काळी पडलेली दिसली. मग वाफेचा खांब दिसेनासा झाला. पक्षी कुठे गेले ते कुणी पाहिलं नाही. घराघरातले दगड कोमट झाले, आणि मग कोमटही उरले नाहीत. पण शपथ होती. आणि शपथेपेक्षाही वाईट अशी एक गोष्ट होती, ती म्हणजे अब्रू. प्रत्येकाला वाटायचं, आपलंच पेव चुकलं, बाकीच्यांचं झकास चाललंय.

त्यामुळे लोक मुद्दाम उघड्या डोक्यानं दारात यायचे.

“काय म्हणताय? थंडी?”

“छे हो, आमच्याकडे तर उकडतंय!”

“आमच्याकडेही! रात्री पांघरूण फेकावं लागतं!”

मग दोघं आत जायचे, दार लावायचे, आणि घरातली सगळी पांघरुणं एकावर एक घेऊन थरथरत बसायचे.

एक दिवस बाहेर वादळ घोंगावत असताना मापाऱ्यानं आपल्या पेवाची फरशी उचलली. त्याच्या वाट्याचा साप वर आला नाही. तो काठीसारखा सरळ पडला होता, वेटोळं घालायला जवळ कुणी नसल्यासारखा. मापाऱ्यानं दगडाला हात लावला. दगडच त्याच्या हाताची ऊब मागत होता.

“असं कसं झालं?” तो पुटपुटला. “वाटा तर पुरा होता.”

मापारीण मागे उभी होती. “भाकऱ्या एकावर एक रचून फडक्यात बांधते, म्हणून तुम्हाला दुपारी ऊन भाकरी मिळते. एकेक सुटी मांडली असती तर तुम्ही इतकी वर्षं गारच खाल्ली असती.”

“हे तेव्हा का नाही बोललीस?”

“तेव्हा भाकरीचा विषय नव्हता. न्यायाचा होता.”

पाळण्यातली पोर आता रडत नव्हती. बारीक कण्हत होती. लेक तिला पोटाशी घेऊन बसली होती, आणि लेकीचेच ओठ निळे पडले होते.

“आजीकडे चला,” मापारीण म्हणाली. “तिचा वाटा हललेला नाही.”

“म्हणूनच नाही जायचं. तिचा वाटा तिचा आहे. शपथ आहे.”

“शपथ तुम्हीच घातलीत ना? मग तुम्हीच मोडा.”

“मीच मोडली तर उद्या गावात माझं कोण ऐकेल?”

मापारीण त्याच्याकडे पाहत राहिली. “उद्या!” एवढंच म्हणाली, आणि लेकीच्या पाठीशी जाऊन बसली.

मापारी माणूस वाईट नव्हता, हे मी पुन्हा सांगतो. त्यानं आपली घोंगडी लेकीवर घातली, स्वतः उघडा बसला. शपथ मोडणं सोडून बाकी सगळं त्यानं केलं.

सकाळी वादळ थांबलं. लेक उठली. तिनं बापाला विचारलं नाही, आईला सांगितलं नाही. पोरीला छातीशी बांधलं, दार ढकललं आणि कमरेएवढ्या बर्फातून वाट तुडवत निघाली. मापारी आणि मापारीण तिच्या मागे धावली.

आजीचं दार लोटलेलं होतं. आत कडी लावलेली नव्हती. हिवाळा लागल्यापासून ती कडी लावतच नव्हती, कुणीतरी येईल म्हणून.

आजीनं पोरीला घेतलं, जमिनीवर अंग टाकलं आणि तिला पोटाशी धरलं. तळवे चोळले, छाती चोळली, तोंडानं फुंकर घातली. जमीन खरंच कोमट होती. फार नाही, पण होती. लेकीच्या ओठांवर हळूहळू रंग आला. पोरीच्या ओठांवर आला नाही.

कितीतरी वेळानं आजी उठून बसली. “ऊब आहे रे,” ती म्हणाली. “घेणारी राहिली नाही.”

लेक रडली नाही. भिंतीला टेकून बसून राहिली.

मापाऱ्यानं जमिनीवर हात टेकला. “तुमच्याच वाट्याला कशी उरली, आजी?”

“मला काय ठाऊक, बाबा. मी हलवली नाही, एवढंच.”

मापारी बाहेर पडला. पहिल्या दारात उभं राहून तो म्हणाला, “माझ्या घरात ऊब नाही.” मग दार उघडलं, आणि पांघरुणांच्या ढिगातून एक तोंड बाहेर आलं. “आमच्याकडेही नाही, मापारीकाका. कधीचीच नाही.” दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात तेच. काही दारं उघडायला आतून कुणी उठलंच नाही.

जे उरले ते आजीच्या घरात आले. दाटीवाटीनं बसले, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून, कुणाचे पाय कुणाचे ते कळू नये असे. कुणाला किती जागा, ते त्या हिवाळ्यात कुणी मापलं नाही.

बर्फ वितळलं तशी लेक सासरी निघाली. मापाऱ्यानं पाळण्याची दोरी सोडली आणि तिच्यापुढे धरली.

“बाबा, दोरी तुमची आहे,” ती म्हणाली. “तुम्हीच ठेवा.” तिनं मागे वळून पाहिलं नाही. ती पुन्हा माहेरी आली नाही.

त्या उन्हाळ्यात मापाऱ्यानं आपले दगड सगळ्यांच्या आधी जुन्या पेवाशी आणले. ती दोरी झोळीला बांधली आणि एकेक दगड खाली सोडू लागला. गावही आलं. सगळं ऊन पुन्हा एका जागी गेलं, तोंड लिंपलं गेलं, नळ्या जोडल्या गेल्या. पण हिवाळा आला तेव्हा नळ्यांतून गार वाराच आला.

“पेव तर भरलं,” लोक म्हणाले. “मग ऊब कुठे गेली?”

“मातीनं प्यायली,” आजी अंथरुणातून म्हणाली. “ती आधी स्वतःचं पोट भरते. मग तुमचं.” तो तिचा शेवटचा हिवाळा होता.

पुढच्या वर्षी थोडी धुगधुगी आली. त्याच्या पुढच्या वर्षी थोडी जास्त. उरलेलं गाव आजीच्या रिकाम्या घरात दाटीवाटीनं हिवाळे काढत राहिलं. मापारी टोकाच्या आपल्या घरातच राहायचा. बोलावलं तरी यायचा नाही. उन्हाळा आला की मात्र तो सगळ्यांच्या आधी उतारावर हजर असायचा. दगड सोडता सोडता त्याची दोरी झिजली, आणि एक दिवस मधोमध तुटली. त्यानं गाठ मारली नाही.

पुष्कळ वर्षांनी, तो अंथरुणाला खिळलेला असताना, शेजारचा माणूस धापा टाकत आला.

“मापारीकाका! पेवाच्या कडेला साप आलेत. पुन्हा आलेत!”

मापाऱ्यानं मान वळवली. “एकेकटे आहेत?”

“नाही. एकमेकांत गुंडाळलेत. किती आहेत ते कळतच नाही. मोजून येऊ का?”

“नको,” मापारी म्हणाला. “मोजू नका.”

नळीच्या तोंडाशी कुणीतरी त्याचा हात नेऊन ठेवला. टोकाच्या घरातसुद्धा ऊब पोचली होती. त्याचा हात मात्र गार होत गेला, आणि मग गारच राहिला.

त्या गावातली मुलं आजही ऊन जमिनीवर निजतात, आणि त्या उबेसाठी कोण कोण राबलं हे त्यांना ठाऊक नसतं. वरच्या पाळण्याला मात्र, मापाऱ्याच्या एका दोरीवरच्या त्या पाळण्यानंतर, दोन वेगवेगळ्या दोऱ्या असतात. का, ते विचारलं तर थोरली माणसं विषय बदलतात.

तात्पर्य: सगळ्यांची ऊब ज्याची त्याची करायला गेलं, की ती कुणाचीच राहत नाही.